अवजड ट्रक रस्त्याच्या झिजेचे पैसे भरतात का? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतले लोक हे प्रश्न सतत विचारतात. कुणी ग्रामपंचायतीच्या बैठकीत विचारतो, कुणी लग्नाच्या पंगतीत, कुणी खड्ड्यात आपटलेल्या मोटरसायकलवरून उतरून. आमच्या घरचा वजनकाटा आहे. दिवसभर भरलेल्या गाड्या डोळ्यांसमोरून जातात, त्यामुळे बरेच प्रश्न माझ्यापर्यंत येतात. जमेल तितकी सविस्तर उत्तरं इथं देतो आहे. आकडे कुठून आले तेही सोबत सांगतो, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला स्वतः ताडून बघता येईल.

ट्रकवाले रोड टॅक्स भरतात, टोल भरतात, डिझेलवर कर भरतात. मग तक्रार कशाची?

ते भरतात ही गोष्ट खरी आहे, आणि थोडंथोडकं भरत नाहीत. कोल्हापूरहून धारवाडला निघालेल्या गाडीला कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी असे टोल लागतात. भरती वजनाच्या टप्प्यावर राज्याचा कर आहे, विमा आहे, परमिट आहे, आणि प्रत्येक लिटर डिझेलमागे केंद्र आणि राज्य दोघांचा कर आहे. "आमच्याच खिशातनं सगळे रस्ते चाललेत" असं ट्रकमालक म्हणतात त्यात तथ्य आहे.

पण रक्कम मोठी असली म्हणजे ती न्याय्य असतेच असं नाही. दोन गोष्टी तपासायला हव्यात. जो जास्त झीज करतो तोच जास्त भरतो का? आणि ज्या रस्त्याची झीज झाली त्याच रस्त्याला तो पैसा मिळतो का? पहिल्याचं उत्तर "फारसं नाही" आणि दुसऱ्याचं "बहुतेक वेळा नाही" असं आहे. पुढची सगळी उत्तरं याभोवतीच फिरतात.

एक ट्रक किती कारइतकी झीज करतो?

याचा पाया अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत आहे. 1958 ते 1960 या काळात इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधले आणि त्यांवर ठरावीक वजनाचे ट्रक सतत पळवले. चालवायला सैन्यातले ड्रायव्हर होते. रस्ता किती फेऱ्यांत फुटतो याची नोंद ठेवली. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरतात: झीज एक्सलवरच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरच्या, वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की झीज सोळा पट होते.

भारतात इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांची पद्धत याच नियमावर चालते. तिच्यात 80 किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण 8.16 टनांचा दुहेरी चाकांचा एक्सल हे एक माप धरलं आहे. त्याला प्रमाण एक्सल म्हणतात. मागे चार, पुढे दोन टायर असलेला, 18.5 टनांना पासिंग (मालासकट गाडीचं कायदेशीर एकूण वजन) असलेला सहाचाकी ट्रक कायद्यात राहून भरला तर पुढच्या एक्सलवर 7 टन आणि मागच्यावर 11.5 टन येतात. त्या सूत्रात घातलं की त्याची एक फेरी साधारण 5.2 प्रमाण एक्सल भरते. दीड टनाच्या कारचं तेच गणित 0.0003 च्या आसपास येतं. म्हणजे एक भरलेला सहाचाकी पंधरा हजारांहून जास्त कारइतका रस्ता झिजवतो.

हा आकडा अंगावर येतो, पण तो फक्त वजनाने होणाऱ्या झिजेचा आहे.

मग ट्रकला टोलही कारच्या पंधरा हजार पट लावायचा का?

नाही. जो कुणी असं म्हणेल त्याचं ऐकू नका.

रस्त्याचा सगळा खर्च झिजेचा नसतो. जमीन संपादन, रुंदी, उड्डाणपूल, गटारं, दिवे, दुभाजक यांचा खर्च गाड्यांच्या संख्येमुळे वाढतो आणि त्यात कारचा वाटा मोठा आहे. चौपदरी रस्ता सहापदरी करायला लागतो तो गर्दीमुळे. शिवाय ऊन-पावसानं डांबर असंही जुनं होतं, एकही ट्रक गेला नाही तरी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रस्ता थोडा जाड केला की तो कितीतरी पट जास्त फेऱ्या सोसतो. दुप्पट ट्रक येणार असतील तर रस्ता दुप्पट जाड करावा लागत नाही, काही सेंटिमीटर वाढवले तरी भागतं. म्हणून राष्ट्रीय महामार्ग 48 सारख्या जाड रस्त्यावर एका ट्रकच्या एका फेरीचा खर्च खरोखरच लहान असतो. तोच ट्रक गावच्या पातळ रस्त्यावर उतरला की खर्च एकदम वाढतो. कोगनोळीच्या नाक्यावरचं भांडण मोठं दिसतं, पण खरी फसवणूक नाक्याच्या पलीकडे, आतल्या रस्त्यांवर होते.

टोलचे दर कशावर ठरतात?

राष्ट्रीय महामार्गांसाठी 2008 चे फी नियम आहेत. त्यांत 2007-08 चे पायाभूत दर दर किलोमीटरला असे होते: कार-जीपला 65 पैसे, हलक्या मालवाहू गाडीला 1 रुपया 5 पैसे, दोन एक्सलच्या ट्रक-बसला 2 रुपये 20 पैसे, बहु-एक्सल गाडीला 3 रुपये 45 पैसे आणि सात किंवा त्याहून जास्त एक्सलच्या गाडीला 4 रुपये 20 पैसे. पुढे तीन एक्सलच्या मालवाहू गाडीसाठी 2 रुपये 40 पैशांचा वेगळा गट आला. दरवर्षी 3 टक्के अधिक घाऊक महागाईच्या 40 टक्के अशी वाढ होते, पण गटागटांतलं प्रमाण तसंच राहतं. सहाचाकी ट्रक कारच्या साडेतीन पटही भरत नाही.

यात मला खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. टोलचा दर एक्सलवर ठरतो, प्रत्यक्ष वजनावर नाही. गोव्यात माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक आणि काठोकाठ भरून निघालेला ट्रक एकाच दरात सुटतात. रिकाम्या सहाचाकीची झीज भरलेल्याच्या साधारण सत्तराव्या भागाइतकी असते. चोवीस तासांत परत आल्यास दोन्ही फेऱ्या मिळून दीडपट, एवढीच काय ती सवलत. परतीचं भाडं न मिळालेल्या माणसाकडून भरल्या गाडीचे पैसे घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि ओव्हरलोड गाडी नेहमीच्याच दरात सुटली तर तो आपल्या सगळ्यांवर.

जास्त टायरांची गाडी रस्ता जास्त बिघडवते ना?

हा समज इतका पक्का आहे की गावात दहाचाकी अडवतात आणि सहाचाकी टिप्पर सोडून देतात. गणित उलट सांगतं.

दहाचाकीचं पासिंग 28 टन. पुढे 7 टन आणि मागच्या जोड एक्सलवर 21 टन. सूत्रात घातलं की तिची फेरी साधारण 5 प्रमाण एक्सलची भरते. सहाचाकी 18.5 टनांत 5.2 आणि दहाचाकी 28 टनांत 5. साडेनऊ टन जास्त वजन नेऊनही दहाचाकी किंचित कमीच झिजवते, कारण वजन जास्त चाकांवर वाटलं जातं. तरीही टोलला दहाचाकीच जास्त भरते. एक्सल वाढवणाऱ्याला बक्षीस मिळायला हवं, तिथं आपण त्याच्याकडून जास्त पैसे घेतो.

मात्र एक्सल जमिनीला टेकलेला असेल तरच हे खरं. काही गाड्यांना उचलता येणारा एक्सल असतो, लिफ्ट एक्सल. रिकामी गाडी असताना तो वर घ्यायचा, टायर वाचतात. पण भरलेल्या गाडीचाही तो वर घेतलेला मी काट्यावर पाहिला आहे. तेव्हा कागदावर चार एक्सल असतात आणि रस्त्यावर तीन. ते वजन शेजारच्या एक्सलवर जातं, आणि चौथ्या घाताचा हिशोब लगेच सुरू होतो.

2018 मध्ये सरकारनंच भरती वाढवून दिली होती. त्यानं काय झालं?

जुलै 2018 च्या अधिसूचनेनं चार टायरांच्या एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली आणि जोड एक्सलची 19 वरून 21 टन. सहाचाकीचं पासिंग 16.2 वरून 18.5, दहाचाकीचं 25 वरून 28 आणि सर्वांत मोठ्या ट्रेलरचं 49 वरून 55 टन झालं. वाहतूक स्वस्त होईल, ओव्हरलोड आपोआप कायदेशीर चौकटीत येईल, असा विचार होता.

10.2 वरून 11.5 म्हणजे वजनात सुमारे 13 टक्के वाढ. झिजेत ती 60 टक्क्यांच्या वर जाते. नवे महामार्ग त्या हिशोबानं बांधता येतात. पण खानापूर तालुक्यातला किंवा चिकोडीच्या आतला रस्ता 2018 च्या आधीच बांधलेला होता. तो एका रात्रीत जाड झाला नाही. त्या वाढीव झिजेसाठी जिल्हा पंचायतीला वेगळा निधी देण्याची तरतूद त्या अधिसूचनेत नव्हती.

मग सगळ्यात जास्त मार कुठल्या रस्त्याला बसतो?

गावच्या रस्त्याला. हे नीट समजून घ्या, कारण सीमाभागाचा सगळा प्रश्न इथंच आहे.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतले रस्ते डिसेंबर 2000 पासून बांधले जाताहेत. बहुतेक 3.75 मीटर रुंद, एकपदरी. बस, दुधाची गाडी, ट्रॅक्टर, अधूनमधून ट्रक अशी वाहतूक धरून त्यांची जाडी ठरवतात. दहा वर्षांत मिळून एक लाख प्रमाण एक्सल जातील असं धरलेला रस्ता हे नेहमीचं उदाहरण.

आता त्या रस्त्याच्या टोकाला क्रशर सुरू झाला. दिवसाला पन्नास सहाचाकी खडी आणि एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) भरून निघतात. सगळ्या कायद्यात राहून भरल्या तरी एक लाख भागिले 5.2, म्हणजे साधारण 19,000 फेऱ्या. पन्नासच्या हिशोबानं वर्षभराहून थोडं जास्त. दहा वर्षांचा रस्ता तेवढ्यात संपला.

आणि भरताना मागच्या एक्सलवर 16 टन आणि पुढच्यावर 8 टन आले तर? गाडी 18.5 ऐवजी 24 टनांची झाली. वजन तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी वाढलं, पण झीज 5.2 वरून 17 च्या आसपास गेली. एक लाख भागिले 17 म्हणजे 6,000 च्या आत फेऱ्या. पन्नास गाड्यांना हे करायला चार महिनेसुद्धा लागत नाहीत.

अशी गाडी ओळखायला काटा लागत नाही. मागचे पाटे कमानीसारखे वाकलेले असायला हवेत, ते सरळ पट्टी झालेले असतात. जोडटायरांची पोटं फुगून एकमेकांना घासतात. ओली वाळू असेल तर फाळक्याच्या फटीतून पाण्याची धार रस्त्यावर पडत जाते. रस्त्यावर चाकोरी उठते, मग चाकांच्या वाटेवर जाळीदार भेगा येतात, त्यांतून पाणी खाली मुरतं आणि पहिल्या मोठ्या पावसात खड्डा पडतो. एकपदरी रस्त्यावर समोरून गाडी आली की टिप्पर साइडपट्टीवर उतरतो आणि डांबराची कडा मोडतो. दोन पावसाळ्यांत 3.75 मीटरचा रस्ता अडीच मीटरचा होतो आणि शाळेची मुलं चिखलातून चालतात.

या रस्त्यावर टोल नाही. टिप्परनं भरलेला कर बेंगळुरूला आणि दिल्लीला गेला. रस्ता मात्र गावाचा गेला.

पावसानं आणि निकृष्ट कामानं रस्ते जातात. ट्रकला दोष कशाला देता?

दोष तिघांचा आहे आणि तो एकमेकांत मिसळतो. जांबोटी, कणकुंबी भागात पावसाचा मारा असा असतो की गटार नसलेला रस्ता टिकूच शकत नाही. अथणी, बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी जमीन आहे. ती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते आणि ओली असताना तिच्यात वजन पेलायची ताकद फार कमी उरते. डांबर कमी घातलं, खडी नीट दाबली नाही, हेही आपण बघतोच.

पण पाणी मुरलेल्या रस्त्यावरून कार गेली तर फारसं काही होत नाही. 11 टनांचा एक्सल गेला की खालचं पाणी दाबानं वर येतं, बारीक माती घेऊन येतं आणि रस्ता आतून पोकळ होतो. चोर्ला आणि अनमोड घाटांच्या चढणीला हे जास्त दिसतं, कारण भरलेली गाडी पहिल्या गिअरात हळू चढते आणि डांबरावरचा भार जास्त वेळ टिकतो. ठेकेदाराला जाब विचारताना वजनाचा विषय सोडू नका, आणि वजनाबद्दल बोलताना ठेकेदाराला सुटू देऊ नका.

ओव्हरलोडला जबर दंड आहे. तो पुरत नाही का?

कागदावर पुरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे सप्टेंबर 2019 पासून ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. जादा माल तिथंच उतरवायचा, त्याचा खर्च गाडीवाल्यावर. वजन करून द्यायला नकार दिला तर 40,000. पाच टन जादा सापडले तर 30,000 रुपये जातात.

पण सापडायला हवेत. महामार्गावर तपासणी होते, म्हणून जाणकार आतली वाट धरतात. महामार्गावरची कडक तपासणी ओव्हरलोड थांबवत नाही, ती त्याला सर्वांत पातळ रस्त्यावर ढकलते. आणि दंड भरलाच तरी तो राज्याच्या तिजोरीत जातो, फुटलेल्या रस्त्याच्या खात्यात येत नाही.

दोष ड्रायव्हरचाच ना? तोच भरून आणतो.

ड्रायव्हरला या साखळीत सर्वांत कमी अधिकार आहे. भाडं टनावर ठरतं. माल देणारा आणि घेणारा दोघांनाही एका फेरीत जास्त टन हवेत. गाडीचा हप्ता ठरलेला, डिझेल ठरलेलं, म्हणून मालकाची कमाई जादा टनांतच असते. "पासिंगपुरतंच भरतो" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फेरी मिळत नाही. रात्री दोन वाजता काट्यावर येणाऱ्या पोराला मी विचारतो तेव्हा तो नजर खाली घालतो. त्याला सगळं माहीत असतं.

कलम 194 मध्ये गाडी चालवणाऱ्यासोबत ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही येतो. माल जिथं भरला तिथं वजनाची नोंद होतेच, कारण पैसे वजनावरच मिळतात. त्या नोंदीवरून भरणाऱ्याला दंड लावला तर रस्त्यावर एकही गाडी अडवावी लागणार नाही.

कर्नाटकात डिझेल भरलं की इथल्या रस्त्यांना पैसे मिळतात का?

इथलं डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं तेव्हा पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या निपाणी-कोगनोळी परिसरात टाकी भरून पुढे जातात. त्या विक्रीचा कर कर्नाटकाला मिळतो आणि ते डिझेल जळतं कागल ते पुणे. एवढ्यापुरता आपला फायदा.

पण हा पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होतो. तिथून पगार, योजना, पाटबंधारे आणि रस्ते सगळंच चालतं. केंद्राच्या डिझेलवरील करातला मोठा भाग उपकर आणि विशेष शुल्क असतो, त्याची राज्यांना वाटणी होत नाही. आणि मुळात डिझेल हे झिजेचं चांगलं माप नाही. 24 टनांच्या गाडीला 18.5 टनांपेक्षा डिझेल थोडं जास्त लागतं, झीज मात्र तिपटीहून जास्त होते.

परराज्यातल्या ट्रकांचं काय?

नॅशनल परमिटसाठी वर्षाला 16,500 रुपये एकत्रित फी आहे. ती गोळा होऊन राज्यांत वाटली जाते. गाडी सहाचाकी असो की बावीसचाकी, वर्षात बेळगावातून एकदा जावो की शंभरदा, फी तीच. मूळ राज्याचा कर मूळ राज्यात. सीमेवर राहणाऱ्यांना हे जास्त टोचतं, कारण आपल्या रस्त्यांवरून एमएच, जीए, आरजे, टीएन अशा सगळ्या पाट्यांच्या गाड्या जातात. तसंच इथल्या केए-22, केए-23 च्या गाड्याही चंदगड, आजरा, सांखळीचे रस्ते वापरतात. वजन आणि अंतर मोजून पैसे घेतले तर पाटी कुठली हा प्रश्नच उरत नाही.

उसाच्या ट्रॅक्टरांबद्दल बोलायचं टाळता का?

टाळत नाही. नोव्हेंबर ते मार्च संकेश्वर, चिकोडी, निपाणी, अथणी, कागवाड भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर हीच मुख्य वाहतूक असते. ट्रॅक्टरला टोल नाही. डोंबाऱ्याच्या दोरीवर चालावं तसे ते डुलत जातात, चढाला पुढची चाकं उचलतात, आणि शेतातून वर येताना साइडपट्टी उखडून चिखल रस्त्यावर आणतात.

पण हा बोजा शेतकऱ्यावर टाकायला माझा ठाम विरोध आहे. तोडणी-वाहतूक त्याच्या उसाच्या बिलातूनच कापली जाते. ट्रॅक्टर कुठून, किती फेऱ्या, किती ट्रॉल्या हे ठरवतो कारखाना, आणि प्रत्येक खेपेचं वजन त्याच्याच काट्यावर होतं. कारखान्याला किती टन ऊस कुठल्या गावाहून आला याची यादी त्याच्याकडे तयार असते. त्या यादीप्रमाणे गाळपातल्या टनामागे ठरावीक रक्कम कारखान्यानं आपल्या हिश्श्यातून त्या-त्या रस्त्याला द्यावी, आणि ती ऊस बिलातून कापू नये.

इतर देशांत काय करतात?

न्यूझीलंडमध्ये अवजड गाडीला वजन आणि एक्सलच्या रचनेप्रमाणे, हजार किलोमीटरच्या हिशोबात रस्ता वापराचे पैसे आधी भरावे लागतात. अमेरिकेतलं ओरेगन राज्य वजन आणि मैलांवर कर घेतं, आणि खूप जड गाड्यांमध्ये एक्सल वाढले की दर कमी होतो. जर्मनीत 2005 पासून ट्रकना उपग्रहाच्या मदतीनं अंतर मोजून टोल लागतो. सगळीकडे पूर्ण न्याय झालाय असं नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं 1997 मध्ये केलेल्या हिशोबात सर्वांत जड ट्रक आपल्या वाट्याच्या निम्म्याच्या आसपासच भरत होते. पण तिथं हिशोब तरी मांडला गेला.

ट्रकवर बोजा वाढवला तर भाजी, सिमेंट, विटा महागणार नाहीत का?

बेळगावची भाजी आणि दूध रोज गोव्याला जातं, खानापूरच्या विटा आणि कौलं सगळीकडे जातात, त्यामुळे ही भीती रास्त आहे. मात्र मी एकूण कर वाढवा म्हणत नाही. तोच पैसा एक्सलवरच्या वजनाप्रमाणे वाटला तर भाजीच्या हलक्या गाडीचं, रिकाम्या परतणाऱ्याचं आणि दहाचाकीवाल्याचं ओझं कमी होईल. महाग होईल ती ओव्हरलोड खडी आणि वाळू. ती आज स्वस्त दिसते, कारण तिच्या किमतीतला एक हिस्सा गावकरी टायर, पाठदुखी आणि उशिरा पोचणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या रूपात भरत असतात.

स्थानिक गाड्यांना टोलमध्ये काही सवलत आहे का?

नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला मासिक पास मिळतो. त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या, नॅशनल परमिट नसलेल्या व्यावसायिक गाडीला निम्मा दर आहे. ऑगस्ट 2025 पासून खासगी कारसाठी 200 फेऱ्यांचा वार्षिक पास आहे, सुरुवातीला तो 3,000 रुपयांना होता. तो ट्रकला चालत नाही.

आमच्या गावचा रस्ता टिप्परांनी मोडला आहे. आम्ही काय करायचं?

आधी रस्ता कुणाचा ते ठरवा. किलोमीटरच्या दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. चुकीच्या खात्याकडे दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो. महामार्गाची तक्रार 1033 वर करता येते. ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल तर सुरुवातीला लावलेला फलक वाचा: काम कधी संपलं, ठेकेदार कोण, देखभाल कधीपर्यंत, हे त्यावर असतं. पाच वर्षं देखभालीची जबाबदारी ठेकेदाराची असते. "मेरी सडक" अ‍ॅपवर फोटोसह तक्रार टाका.

मग मोजणी करा. हंगामातला एक आठवडा धरा, पाळीपाळीनं बसा, भरलेल्या गाड्या किती, किती चाकी, कुठून आल्या हे वहीत लिहा. "खूप गाड्या जातात" असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. "आठवड्यात 340 भरलेले सहाचाकी, सगळे अमुक क्रशरवरून" असा अर्ज इंजिनिअरला उत्तर द्यायला लावतो, कारण वरचं गणित त्यालाही येतं. रस्ता किती प्रमाण एक्सलसाठी बांधला ते माहिती अधिकारात मागा. खनिज वाहतुकीच्या परवान्यांतली वजनंही मागा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 प्रमाणे ठरावीक रस्त्यावर किंवा पुलावर अवजड वाहनांना बंदी किंवा वेळेचं बंधन घालता येतं. ग्रामपंचायतीचा ठराव, मोजणीची वही आणि फोटो जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करा. अर्ज कन्नडमध्ये लिहून सोबत मराठी प्रत जोडली तर टेबलावर वेळ जात नाही. पीडीओंची, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांची, पोच घ्यायला विसरू नका. सरसकट बंदी मागू नका, ती मोडली जाते आणि गावातल्याच चार गाडीवाल्यांची चूल बंद होते. पासिंगपेक्षा जास्त भरती बंद, पावसाळ्याचे महिने बंद, शाळेच्या वेळेत बंद, अशी नेमकी मागणी टिकते.

दगड, वाळू, बॉक्साइट अशा खनिजाची वाहतूक असेल तर जिल्हा खनिज निधीकडेही अर्ज करा. खाणींची झळ बसलेल्या भागासाठीच तो आहे आणि त्यातून रस्त्यांची कामं होतात. आणि क्रशर किंवा खाणीच्या परवान्याचं नूतनीकरण कधी आहे ते पीडीओंकडून आधीच काढून ठेवा. नूतनीकरणाआधी ग्रामसभेत ठराव करा: काट्याची रोजची नोंद पंचायतीला मिळावी, आणि वाहतुकीचा रस्ता वाढीव भारासाठी जाड करण्याचा खर्च परवानाधारकानं द्यावा. परवाना मिळाल्यावर असा ठराव केला तर तो फाइलीतच राहतो.